जुन्या गाडीसाठी रोडसाइड असिस्टन्स घेताना : इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, कुठल्याही गल्लीत शिरा, दहा-बारा वर्षांची एखादी गाडी कव्हर घालून उभी दिसतेच. नीट सांभाळलेली असते, रोज ऑफिसला जात नसेल पण उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि वर्षातून एकदा पुणं किंवा नाशिक एवढं सगळं तिच्यावरच होतं. आमच्याकडे पण २०१२ ची छोटी पेट्रोल गाडी आहे आणि दर रिन्युअलला पॉलिसीचे कागद मीच वाचते, त्यामुळे ओळखीतले लोक ब्रेकडाऊन कव्हरचं, म्हणजे रोडसाइड असिस्टन्सचं (आरएसए), मला विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत.

आरएसए म्हणजे इन्शुरन्सच ना? मग वेगळं कशाला?

नाही, दोन्ही वेगळं आहे. गाडी ठोकली, चोरीला गेली, जळली तर इन्शुरन्स. गाडी नुसती बंद पडली, गरम झाली, क्लच गेला, सेल्फ मारला की टक टक वाजतं आणि पुढे काहीच नाही, अशा वेळी इन्शुरन्स एक पैसा देत नाही, कारण मेकॅनिकल बिघाड त्यात धरतच नाहीत. तिथे रोडसाइड असिस्टन्स म्हणजे आरएसए कामाला येतो. फोन लावायचा, ते माणूस पाठवतात, जागेवर जमलं तर गाडी चालू करून देतात, नाही जमलं तर उचलून वर्कशॉपपर्यंत नेतात.

पण एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, दुरुस्तीचे पैसे आरएसए पण देत नाही. पार्ट, कूलंट, नवी बॅटरी, गॅरेजची मजुरी, सगळं आपलंच. आपण विकत घेतो ती फक्त रस्त्यावरची मदत. हे न समजल्यामुळे किती जण नंतर चिडतात, "पैसे भरले तरी बिल आलंच" म्हणून.

गाडी १२ वर्षांची आहे, वर्षाला जेमतेम ४-५ हजार किलोमीटर चालते. घ्यायची गरज आहे का?

गाडी कुठे चालते त्यावर आहे. फक्त घर ते राजवाडा, घर ते भाजी मंडई आणि कधीतरी विजय नगर एवढंच असेल आणि तुमचा ओळखीचा मिस्त्री फोन केला की स्कूटरवर येत असेल, तर नाही घेतलं तरी चालेल, मी खरंच तसं सांगते लोकांना. शहरात बॅटरीवाला, पंक्चरवाला, टोचनवाला सगळे अर्ध्या तासात मिळतात.

पण वर्षातून दोनदा जरी शहराबाहेर जात असाल, बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर घ्या. आणि कमी चालणारी गाडी म्हणजे कमी बंद पडणारी गाडी हा गैरसमज आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबराचे होज कडक होऊन चिरतात, टायर एकाच जागी दबून राहतात. मग तीच गाडी दिवाळीत एकदम सहाशे किलोमीटर पुण्याला न्यायची म्हटलं की सगळे बिघाड त्याच दिवशी बाहेर येतात.

माझ्याकडे फक्त थर्ड पार्टी आहे. त्यावर आरएसए मिळतो का?

ऍड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जादा पैसे भरून जोडलेलं कव्हर, म्हणून साधारणपणे नाही. ऍड-ऑन हे ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) असलेल्या पॉलिसीला, म्हणजे आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो तिला जोडतात. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा, मोटार व्हेइकल ऍक्ट १९८८ प्रमाणे कंपल्सरी आहे म्हणून सगळे भरतात आणि जुन्या गाडीला बाकीचं सोडून देतात. थर्ड पार्टीचे रेट सरकार ठरवतं, जून २०२२ ला ठरले ते प्रायव्हेट कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, वर जीएसटी.

पण थर्ड पार्टीवर थांबायच्या आधी एकदा दोन्ही कोट काढून बघा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ठरलेल्या टेबलाने येत नाही, ती कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, आणि तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर पोचलेला असेल तर ओन डॅमेजचा प्रीमियम वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो. आमच्या गाडीला थर्ड पार्टी अधिक वेगळा चांगला आरएसए प्लॅन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह अधिक आरएसए ऍड-ऑन यात फरक हजाराच्या आतबाहेर निघाला, तेवढ्यासाठी मी चोरी आणि ठोकाठोकी उघडी टाकायला तयार नाही. तुमचा आकडा वेगळा येईल, पण काढून तर बघा.

ऍड-ऑन, वेगळा प्लॅन, की गाडीच्या कंपनीचा? तिघांत कोणता स्वस्त?

स्वस्त बहुतेक वेळा इन्शुरन्सचा ऍड-ऑन, काहीशे रुपयांत होतो. पण त्यात टोइंगची मर्यादा कमी असू शकते आणि पॉलिसीच्या कागदावर एक ओळ लिहून मोकळे होतात, नियम वेगळ्या पीडीएफमधे असतात, ती पीडीएफ मागून घ्या. मागितल्याशिवाय एजंट देत नाही, हा माझा दरवेळचा अनुभव.

वेगळा प्लॅन म्हणजे आरएसएचाच धंदा करणाऱ्या कंपन्यांचा. वर्षाला साधारण हजार ते दोन हजारांत जातो, किलोमीटर जास्त मिळतात, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे गाडीच्या वयाची अट, कोणी दहा वर्षं म्हणतं कोणी पंधरा. दुसरी, वेटिंग पिरियड. आज पैसे भरले आणि आजच रात्री गाडी बंद पडली तर येणार नाहीत, काही दिवस थांबावं लागतं, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. आणि हा प्लॅन इन्शुरन्स नसतो, ती साधी सर्व्हिस आहे, तक्रार करायची वेळ आली की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, ते पुढे लिहिलंय.

गाडीच्या कंपनीचा आरएसए नव्या गाडीबरोबर येतो आणि नंतर पैसे भरून वाढवता येतो, ठराविक वयापर्यंत. टो करून त्यांच्याच वर्कशॉपला नेतात, जुन्या गाडीला तिथलं बिल बघून घाम फुटतो. ज्यांचं सर्व्हिसिंग अजून तिथेच होतं त्यांना बरा.

आणखी एक, काही बँक कार्डांवर किंवा आधीच्या एखाद्या पॅकेजमधे आरएसए लपलेला असतो. दोनदा पैसे भरू नका, आधी घरातली कागदांची फाइल उघडा.

टोइंग किती किलोमीटरचं घ्यावं?

माझ्या मते सगळी निवड याच एका प्रश्नावर व्हायला पाहिजे, बाकी सगळं नंतर. का ते सांगते.

मागच्या मे महिन्यात आम्ही महेश्वरहून परत येत होतो, रविवार दुपार, गाडीत आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगी. धामनोद सोडून गणेश घाट चढलो, एसी चालू, पुढे ट्रकची रांग, फर्स्ट-सेकंडमधे रांगत रांगत वर आलो आणि मानपूरच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा लालवर. बॉनेटमधून वाफ आणि तो कूलंटचा गोडसर वास. रेडिएटरच्या वरच्या होजला क्लॅम्पच्या शेजारीच बोटभर चीर पडली होती. सासूबाईंना कडुलिंबाच्या सावलीत बसवलं, त्यांचं इन्सुलिन थर्मासमधे होतं म्हणून निभावलं. आरएसएला फोन लावला, सव्वा तासात क्रेन आली, तोपर्यंत तक्रार काहीच नाही.

मग कळलं की आमच्या प्लॅनमधे टोइंग फक्त २५ किलोमीटर फ्री आणि ते पण "जवळच्या वर्कशॉपपर्यंत". पंचवीस किलोमीटरमधे आम्ही महूला पोचलो. रविवार, वर्कशॉपला कुलूप. तिथून राजेंद्र नगरला आमच्या मिस्त्रीपर्यंतचे अठरा किलोमीटर म्हणजे जास्तीचे पैसे, रोख, आणि भाव ड्रायव्हर सांगेल तो, कारण गाडी त्याच्या हुकला लटकलेली, आपण काय घासाघीस करणार. होज नंतर काहीशे रुपयांत बदलला, टोचनचं बिल त्याच्या कितीतरी पट.

पन्नास किलोमीटरवाला प्लॅन त्याच वर्षी दोन-तीनशे रुपये जास्त देऊन मिळत होता आणि मी "कोण एवढं लांब नेणार" म्हणून सोडला होता.

तर आता मी लोकांना सांगते, कागद घ्या आणि तुम्ही नेहमी जाता ते रस्ते लिहा. उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर, म्हणजे रस्त्यात कुठेही बंद पडलात तरी इंदूर किंवा उज्जैन तीसच्या आत. ओंकारेश्वर ऐंशीच्या आसपास, पण मधे सिमरोल, चोरल, भेरू घाट, तिथे रात्री वर्कशॉप शोधणं विसरा. इथे पन्नास पाहिजेच. भोपाळ रोडला देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर लागत जातात, तेवढी चिंता नाही. धुळ्याकडे जाणाऱ्यांनी मात्र नीट बघा, सेंधवा आणि बिजासन घाटात गाडी बसली तर इंदूर जवळपास दीडशे किलोमीटर मागे आणि धुळं पण लांब, पन्नासवाल्या प्लॅनमधे जेमतेम शिरपूर येईल. दरवर्षी पुण्याला गाडीने जाणाऱ्यांनी शंभर किलोमीटरवाला घ्यावा.

आणि कंपनीला हे तीन प्रश्न विचाराच, फोनवर नाही, ईमेलवर किंवा चॅटवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं. किलोमीटर मोजायला सुरुवात कुठून, गाडी जिथे बंद पडली तिथून की क्रेन जिथून निघाली तिथून? मर्यादेच्या वर प्रति किलोमीटर किती? आणि मी सांगेन त्या गॅरेजला नेणार का, की तुमच्याच यादीतल्या? तिसऱ्याचं उत्तर गोलगोल आलं तर तो प्लॅन सोडून द्या.

क्रेन, फ्लॅटबेड, टोचन यात फरक काय पडतो? गाडी पोचली म्हणजे झालं.

पोचली पण कशी पोचली ते बघा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान, पुढची चाकं उचलून नेली तर चालतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅन वगैरे पुढून उचलल्या तर मागची चाकं फिरत राहतात आणि गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्टला त्रास होतो. ऑटोमॅटिक गाडीची चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये, आतलं तेल इंजिन चालू असेल तरच फिरतं, नाहीतर गिअरबॉक्सचं नुकसान, आणि तो बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या अर्ध्या किमतीला जातो. ऑटोमॅटिक किंवा फोर बाय फोर असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात "फ्लॅटबेड पाठवा" म्हणा, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक.

दोरी बांधून टोचन हा शेवटचा उपाय, आणि हायवेवर नकोच. इंजिन बंद असलं की पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टीअरिंग दोन्ही दगड होतात, सवय नसलेल्या माणसाला पेडल दाबलंच जात नाही. अगदीच पर्याय नसेल तर दोरी पाच मीटरच्या आत, वेग पंचवीसच्या खाली, किल्ली ऑनवर म्हणजे स्टीअरिंग लॉक होणार नाही, आणि मागच्या गाडीत अनुभवी माणूस. सासरे आमच्या जुन्या गाडीला स्वतः टोचन लावायचे, पण तेव्हा एबी रोडवर (आग्रा-मुंबई हायवे) एवढे ट्रेलर नव्हते.

जंप स्टार्ट फ्री आहे म्हणे. मग बॅटरी कशाला बदलू?

अहो नका असं करू! जंप स्टार्ट म्हणजे आजच्या पुरतं. प्लॅनमधे वर्षाला ठराविक वेळाच बोलावता येतं, बहुतेक ठिकाणी चार, आणि एकच बिघाड दुरुस्त न करता परत परत बोलावलं तर नाही म्हणायचा त्यांना हक्क असतो, तसं लिहिलेलंच असतं. चार वेळा बॅटरीवर घालवल्या आणि पाचव्यांदा क्लच केबल तुटली की बसा.

कारची बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते. बॅटरीच्या दुकानात दोन मिनिटांत चेक करून देतात, बरेच जण पैसेही घेत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ च्या खाली म्हणजे अर्ध्यावर आली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४, त्याच्या बरंच खाली असेल तर बॅटरी नाही, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर आधी बघा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला स्टेशनला निघायचं असतं तेव्हाच बॅटरी दगा देते, म्हणून मी दरवर्षी दिवाळीच्या आधी चेक करवते.

पंक्चरची मदत म्हणजे पंक्चर काढून देतात ना?

नाही. तुमची स्टेपनी लावून देतात. स्टेपनीतच हवा नसेल तर टायर घेऊन जवळच्या पंक्चरवाल्याकडे जातील, तिथले पैसे तुमचे. आज संध्याकाळी डिकी उघडा आणि स्टेपनी दाबून बघा, कितीतरी गाड्यांत ती वर्षानुवर्षं कोणी हातही लावलेली नसते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनी गाडीबरोबरच आलेली असेल तर ती पण बारा वर्षांची झाली, नक्षी नवी दिसते म्हणून तिच्यावर हायवे धरू नका, पंक्चरवाल्यापर्यंत हळू न्या. जॅक, पाना आणि व्हील लॉक असेल तर त्याची किल्ली गाडीत आहे ना तेही बघा, आलेला माणूस पण त्याच्याशिवाय अडकतो.

पेट्रोल संपलं तर आणून देतात का? सीएनजी?

पाच लिटरपर्यंत आणतात, पेट्रोलचे पैसे आपले, आणून द्यायचे वेगळे पैसे नाहीत. सीएनजी आणता येत नाही, गाडी पंपापर्यंत ओढून नेतात आणि ते टोइंगमधे मोजतात. सीएनजी बाहेरून बसवलेली असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्हीवर नोंद करा आणि दर तीन वर्षांची सिलिंडर टेस्ट सोडू नका.

हॉटेल, टॅक्सी, मेसेज पोचवणे, हे सगळं असलेला प्लॅन घ्यावा का?

त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. अटी अशा असतात की गाडी तुमच्या गावापासून अमुक किलोमीटर लांब पाहिजे आणि दुरुस्तीला अमुक तासांच्या वर लागले पाहिजेत. टॅक्सी मात्र म्हातारी माणसं बरोबर असतील तर कामाची, कारण क्रेनच्या केबिनमधे एक किंवा दोन माणसं मावतात. बाकीच्यांनी घाटात काय करायचं हा विचार आधी करा. आम्ही त्या दिवशी सासूबाईंना आणि मुलीला एका ओळखीच्या नसलेल्या पण फार भल्या कुटुंबाच्या गाडीत महूपर्यंत बसवलं, त्यांचं नाव विचारायचं राहिलं ते अजून मनाला लागतं.

१०३३ तर फुकट आहे. मग आरएसएला पैसे कशाला?

१०३३ नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमधे सेव्ह पाहिजेच. हा नॅशनल हायवे सांभाळणाऱ्या एनएचएआयचा हेल्पलाइन नंबर, नॅशनल हायवेवर गाडी बंद पडली, अपघात झाला तर क्रेन, पेट्रोलिंगची गाडी, ऍम्ब्युलन्स पाठवतात. पण त्यांच्या क्रेनचं काम रस्ता मोकळा करायचं, तुमची गाडी बाजूला सुरक्षित जागी किंवा टोल नाक्यापर्यंत नेतील, इंदूरला तुमच्या मिस्त्रीच्या दारात नाही सोडणार. आणि १०३३ फक्त नॅशनल हायवेवर. इंदूर-उज्जैनसारखा स्टेट हायवे असेल तर टोल नाक्याच्या पावतीवर मदतीचा नंबर छापलेला असतो तो लावा, त्या रस्त्यावर सध्या २०२८ च्या सिंहस्थासाठी सहा लेनचं काम आहे त्यामुळे कडेला थांबताना फार जपून.

घाटात किंवा वळणावर गाडी बसली तर आधी १०३३, गाडी धोक्यातून बाहेर काढा, मग आरएसए. माणसं धोक्यात असतील तर ११२.

आरएसए वापरला तर नो क्लेम बोनस जातो का?

नाही. तो क्लेम नाही, सर्व्हिस आहे. बोनस जातो तो पॉलिसी संपून ९० दिवस झाले तरी रिन्यू केली नाही तर. जुन्या गाडीवाले इथेच चुकतात, "गाडी उभीच आहे, बघू पुढच्या महिन्यात", आणि ५० टक्के बोनस शून्यावर येतो, शिवाय गॅप पडला की गाडीची पाहणी होते ते वेगळंच.

पावसात पाण्यात बंद पडली तर?

परत सेल्फ मारू नका, एकदाही नाही. इंजिनमधे पाणी शिरलं असेल आणि सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. गाडी उचलून न्यायला सांगा. पण बऱ्याच प्लॅनमधे पुरात, चिखलात किंवा रस्त्याच्या बाहेर अडकलेली गाडी ओढून काढणं येत नाही, त्याचे वेगळे पैसे, हे आधी वाचून ठेवा. इंजिन प्रोटेक्ट ऍड-ऑन (पाण्याने झालेलं इंजिनचं नुकसान भरणारा) जुन्या गाडीला मिळणं अवघड, तरी विचारून बघा.

फोन केल्यावर काय सांगायचं? ते लोकेशन विचारत बसतात.

कॉल सेंटर कुठल्या शहरात बसलंय देव जाणे, त्यांना "मानपूरच्या अलीकडे" म्हणून काही कळत नाही. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा, त्यावरचा आकडा आणि पुढचं गाव, आणि कुठल्या बाजूला आहात, इंदूरकडे तोंड की धुळ्याकडे. मधे डिव्हायडर असतो, उलट्या बाजूला आलेल्या क्रेनला दहा किलोमीटरचा फेरा पडतो. नेटवर्क असेल तर लाइव्ह लोकेशन पाठवा, नसेल तर पॉलिसी नंबर आणि गाडी नंबर कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समधे ठेवलेला असू द्या, पीडीएफ त्या वेळी उघडत नाही. रिक्वेस्ट नंबर आणि किती वेळात येणार ते विचारून लिहून घ्या. तोपर्यंत ट्रँगल पन्नास मीटर मागे, पार्किंग लाइट चालू, आणि माणसं गाडीत नाही, क्रॅश बॅरिअरच्या पलीकडे.

बोलावलं आणि आलेच नाहीत तर?

स्वतः दुसरी क्रेन करायच्या आधी कॉल सेंटरला सांगा आणि मंजुरी मागा, मेसेजवर. तशी मंजुरी असेल तरच बरेच जण पैसे परत देतात. बिल पक्कं घ्या, गाडी नंबर, कुठून कुठे, किती किलोमीटर, आणि यूपीआयने द्या म्हणजे पुरावा राहतो.

नंतरची तक्रार कुठे, तर ऍड-ऑन असेल तर आधी इन्शुरन्स कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी, मग इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५, आणि कंपनीने ३० दिवसांत समाधान केलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समन (विम्याच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल), मध्य प्रदेशसाठी त्याचं ऑफिस भोपाळला आहे आणि फी काही नाही. वेगळा प्लॅन असेल तर आयआरडीएआय काही करू शकत नाही, तिथे ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि मग ग्राहक आयोग. म्हणूनच मी थोडे कमी किलोमीटर मिळाले तरी ऍड-ऑनकडे झुकते, पण पन्नासच्या खाली नाही.

गाडी मुलगा चालवत होता, पॉलिसी माझ्या नावावर. चालेल?

चालेल, कव्हर गाडीच्या नंबरावर असतं, लायसन्स पाहिजे. एमपी ०९ ची गाडी महाराष्ट्रात बंद पडली तरी चालतं, फक्त प्लॅन ऑल इंडिया आहे ना ते बघा.

गाडीला १५ वर्षं होत आली. आता?

आरसी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी रिन्यू होते. आरसी संपलेली असताना गाडी रस्त्यावर आणली तर इन्शुरन्स क्लेममधे अडचण आणि आरएसएवालेही हात वर करू शकतात. संपायच्या आधीच आरटीओचं काम करून घ्या. पंधराच्या वरच्या गाडीला वेगळे प्लॅन फार कमी मिळतात, त्यामुळे ज्या इन्शुरन्स कंपनीकडे ऍड-ऑन चालू आहे ती शक्यतो सोडू नका, सलग रिन्युअलला ते जास्त प्रश्न विचारत नाहीत.

वर्षाला किती खर्च ठीक?

मी असा हिशोब करते, शहराबाहेर एकदा क्रेन लागली तर साडेतीन-चार हजार कुठे गेले नाहीत. दर तीन-चार वर्षांत एकदा तशी वेळ येते धरलं तर वर्षाला हजारापर्यंत द्यायला हरकत नाही. त्याच्या वर मागत असतील तर उरलेले पैसे होज, फॅन बेल्ट, कूलंट आणि बॅटरीवर घाला. आमचा मिस्त्री होज बदलताना म्हणाला, "भाभी, रबर है, दस साल में तो चप्पल भी नहीं चलती", आणि बाकीचे तीन होजही त्याने दाबून दाखवले, पापडासारखे कडक. सगळे एकदमच बदलले.

गाडी विकली तर कव्हरचं काय होतं?

ऍड-ऑन पॉलिसीबरोबर जातो, घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नाही तुमचा असतो, त्याचं सर्टिफिकेट कंपनीकडून मागून घ्या, तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली तर तिला लावता येतो. वेगळ्या प्लॅनचं ज्याचं त्याचं वेगळं आहे, काही जण दुसऱ्या गाडीवर बदलून देतात, काही पैसे बुडीत. विकायचा विचार असेल तर दोन-तीन वर्षांचा प्लॅन एकदम घेऊ नका, डिस्काउंट कितीही देत असले तरी.